फोल्डर अडकलाय की परका आहे?

नवा कॉम्प्युटर आला, जुन्याची डिस्क त्याला जोडली, हवं ते कॉपी झालं. आता उरलेलं पुसायला घ्यावं तर दोन-तीन फोल्डर काही केल्या हलत नाहीत. मग सल्ल्यांचा भडिमार सुरू होतो: अनलॉकर (अडकलेल्या फाइली सोडवणारा प्रोग्रॅम) टाका, सेफ मोडमध्ये जा, ओनरशिप घ्या, रीस्टार्ट करा. विंडोजमध्ये फोल्डर न पुसला जाण्याची मुख्य कारणं दोन आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. स्क्रीनवरचा मेसेज न वाचता अनलॉकर उतरवणं तेवढं थांबवा.

‘फोल्डर इन यूज’ असं आलं तर फोल्डर अडकलाय. एखादा प्रोग्रॅम आतली फाइल उघडून बसलाय (एरर क्रमांक ३२). हे बहुतेकांना माहीत असतं. कोण धरून बसलंय ते पाहायला रिसोर्स मॉनिटर उघडा, ‘सीपीयू’ टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या सर्चमध्ये फोल्डरचं नाव टाका. कधी फाइल एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू पेन, कधी त्याच फोल्डरमध्ये उघडा राहिलेला कमांड प्रॉम्प्ट निघतो. बंद करा, नाहीतर रीस्टार्ट करा.

‘फोल्डर अ‍ॅक्सेस डिनाइड’ (एरर क्रमांक ५) आलं तर मात्र फोल्डर परका आहे. त्याला कुणीच धरलेलं नाही, म्हणून अनलॉकरला सोडवायला काही सापडत नाही आणि दहा वेळा रीस्टार्ट करूनही फरक पडत नाही. गोंधळ होतो तो इथेच: जुन्या कॉम्प्युटरवरही तेच यूजरनेम, तोच पासवर्ड, मग माझाच फोल्डर मला परका कसा? कारण एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-रचना) असलेल्या डिस्कवर परवानग्या नावाने नव्हे, एसआयडी नावाच्या लांबलचक क्रमांकाने नोंदलेल्या असतात. ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा हा क्रमांक प्रत्येक इन्स्टॉलेशनमधल्या लोकल अकाउंटला वेगळा मिळतो. जुनं अकाउंट नव्या विंडोजला ओळखीचंच नसतं, म्हणून मेसेजमध्ये नावाच्या जागी तो क्रमांक दिसतो. तो दिसला की निदान पक्कं. आणि तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी ते पुरत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला मालकी घेण्याचा हक्क असतो, आपोआप प्रवेश नसतो.

आता ज्या पायरीवर जाणकारही घसरतात ती: मालकी आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाला परवानग्या बदलता येतात, एवढंच. पुसण्याची परवानगी त्याने स्वतःला वेगळी द्यावी लागते. म्हणून काम दोन टप्प्यांत करा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. वर ‘ओनर’समोर ‘चेंज’, आपलं यूजरनेम, ‘चेक नेम्स’, ओके. मग ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर टिक करून अप्लाय. खिडक्या बंद करा आणि प्रॉपर्टीज पुन्हा उघडा. हे टाळलंत तर जुनीच माहिती दिसते. पुन्हा अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या आणि खालची ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन…’ ही टिक करा. ती राहिली तर वरचा फोल्डर तुमचा होतो, आतले परकेच राहतात. कमांड वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: टेकओन (takeown) पहिला टप्पा करतं, दुसऱ्यासाठी आयकॅकल्स (icacls) लागतं. अर्धे सल्ले टेकओनवरच संपतात.

एक फसवा अपवाद आहे. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं, पण अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मालकाचं नावच दाखवता येत नाही असं विंडोज म्हणतं. बऱ्याचदा ही फाइल पुसली गेलेली असते, पण कुणीतरी अजून धरून ठेवल्यामुळे तिचं नाव मागे राहतं. म्हणजे परकेपणाचा मेसेज, पण दुखणं अडकल्याचं. तिथे रीस्टार्टच कामाला येतो.

हे सगळं फक्त जुन्या, बाजूला जोडलेल्या डिस्कवर करा. चालू विंडोजच्या सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा ‘विंडोज’ फोल्डरवर मालकी बदलणं हा निव्वळ अविचार आहे. सिस्टीमच्या फाइली ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या स्वतःच्या अकाउंटच्या मालकीच्या असतात, त्या तशाच राहू द्या. त्याच मशीनवर अपग्रेड केल्यावर उरलेला ‘विंडोज.ओल्ड’ तर हाताने पुसायचाच नसतो: सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, तिथे ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक.

प्रॉपर्टीजमधला ‘रीड-ओन्ली’चा चौकोन काढत बसू नका, फोल्डरच्या बाबतीत तो फक्त आतल्या फाइलींसाठी असतो. फाइलचा पत्ता (पाथ) २६० अक्षरांपलीकडे गेल्याची तक्रार आली तर वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा. एक्सफॅट ही फाइल-रचना असलेल्या पेन ड्राइव्हवर मालकीचा प्रश्नच येत नाही, कारण त्यात परवानग्या नोंदवायची सोयच नाही. आणि जुन्या डिस्कवरचं सगळं कॉपी होऊन उघडून तपासलेलं असेल, तर फोल्डरांशी झगडू नका, सरळ फॉरमॅट करा.