होगेवेक

होगेवेक : तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी नेदरलँड्समध्ये उभारलेली निवासी वसाहत. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या वेस्प येथे ती २००९ मध्ये पूर्ण झाली. ‘डिमेन्शिया गाव’ या नावाने ती जगभर गाजली, पण या नावामुळे सगळे लक्ष चौक आणि दुकानांकडे जाते. खरे महत्त्वाचे आहे ते घर.

याच ठिकाणी पूर्वी चारचौघांसारखे शुश्रूषागृह होते. तिथे काम करणाऱ्या इव्होन फान आमेरोंगन यांचे वडील १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयविकाराने अचानक वारले. वडिलांवर अशा संस्थेत राहायची वेळ तरी आली नाही, हा विचार आपल्या मनात पहिल्यांदा आला, असे इव्होन यांनी पुढे सांगितले आहे. त्या आणि त्यांचे सहकारी यांनी आधी जुन्या इमारतीतच रहिवाशांचे लहान गट केले. नवे बांधकाम बऱ्याच वर्षांनी झाले. खर्च सुमारे १.९ कोटी युरो, त्यातला बहुतेक सरकारी.

सुरुवातीला २३ घरे आणि १५२ रहिवासी होते; पुढे घरे वाढली. एका घरात सहा-सात माणसे, प्रत्येकाची स्वतंत्र खोली, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर सामायिक. जेवण मध्यवर्ती भटारखान्यातून येत नाही. साध्या कपड्यांतली सेविका एखाद्या आजींना बरोबर घेऊन वसाहतीतल्या सुपरमार्केटात जाते, सामान आणते आणि रांधते. बटाटे सोलणे, टेबल मांडणे, कपड्यांच्या घड्या घालणे यांत ज्याला जमेल तो हात लावतो. नुसते बसून कांद्याचा वास घेतला तरी चालते. दुकानात रोख पैसे मोजावे लागत नाहीत, खर्च निवासशुल्कातच धरलेला असतो.

कोणी कोणाबरोबर राहायचे हे आजाराच्या टप्प्यावर नव्हे, तर आयुष्यभराच्या राहणीवर ठरते. आरंभी असे सात प्रकार होते : शहरी, कारागीर, ख्रिस्ती धार्मिक, उच्चभ्रू, कलासक्त, घरगुती आणि डच ईस्ट इंडीजशी नाते असलेल्यांचा इंडोनेशियन वळणाचा. सजावट, संगीत आणि जेवण त्याप्रमाणे बदले. नंतर हे प्रकार चारांवर आणले गेले. वर्गभेद असा भिंतीत चिणावा का, हा प्रश्न उरतोच. पण अनोळखी रीतीच्या घरात गोंधळलेला माणूस आणखी गोंधळतो, हेही खरे.

घरांची दारे आतल्या गल्ल्यांकडे आणि बागांकडे उघडतात आणि इमारतींच्या पाठभिंतींनीच हद्द आखली जाते, त्यामुळे वेगळे कुंपण फारसे लागत नाही. रहिवासी ऊन असो वा पाऊस, एकटे फिरू शकतात. बाहेर जाण्याचा मार्ग मात्र एकच आणि त्यावर माणूस बसलेला. तेव्हा हे बंदिस्तच ठिकाण आहे, फक्त बंदिवास चार पावलांवर जाणवत नाही.

‘ही तर फसवणूक’ हा नेहमीचा आक्षेप. जर्मनीत काही वृद्धाश्रमांबाहेर बस कधीच न येणारे थांबे उभारले गेले, त्यांच्याबाबत तो समजण्यासारखा आहे. होगेवेकचे दुकान, उपाहारगृह, केशकर्तनालय मात्र चालते-बोलते आहे. उपाहारगृहात बाहेरचे लोकही जेवायला येतात. तिथे त्याला नाटक म्हणणे अन्यायाचे वाटते.

डेन्मार्कमधील स्वेनबोर्ग आणि फ्रान्समधील डाक्स येथे याच धर्तीवर वसाहती झाल्या. डाक्सची २०२० मध्ये सुरू झाली. पुरावा मात्र सावध आहे. नेदरलँड्समधल्या अशा लहान घरांच्या एका तुलनात्मक अभ्यासात रहिवाशांच्या एकूण जीवनमानात मोठा फरक आढळला नाही, पण त्यांना पट्ट्यांनी बांधून ठेवण्यासारखे उपाय कमी दिसले. जपानने तर गावाचा घाटच घातला नाही : २००० मध्ये लागू झालेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात बसणारी तिथली ‘ग्रुप होम’ पाच ते नऊ जणांच्या गटांत चालतात आणि बहुधा साध्या निवासी वस्तीतच असतात.