काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर पाण्यानेच का धुतात?

पोलादाला पाणी लागू द्यायचं नाही, तेल लावायचं, हे यंत्राशी थोडाफार संबंध आलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे अमेरिकेतले हौशी नेमबाज काळ्या बंदुकीच्या दारूवर चालणारं जुन्या धर्तीचं रिव्हॉल्व्हर चालवून झाल्यावर ते सुटं करतात, लाकडी मूठ बाजूला ठेवतात आणि उरलेलं सगळं साबणाच्या कढत पाण्यात बुडवतात, हे पाहून धसकाच बसतो. का, असं विचारलं तर ‘दारूत गंधक असतो, त्याचं ॲसिड होतं, ते धुवून काढायला हवं’ असं उत्तर बरेचदा मिळतं. कृती अगदी बरोबर आहे, कारण मात्र साफ चूक.

ही रिव्हॉल्व्हरं म्हणजे १८५१ ची कोल्ट नेव्ही, १८६० ची कोल्ट आर्मी, रेमिंग्टन अशा अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या शस्त्रांच्या प्रतिकृती. आज त्या मुख्यतः इटलीत, ब्रेशाच्या परिसरात बनतात. यांत काडतूस नसतं. सिलिंडरच्या, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक घरात समोरून दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ बोंडावर, केप म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी चढवायची. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीची बंदूक ठेवतात, तिच्यातली दारूही याच जातीची : साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा, १० भाग गंधक.

आता मला आवडणारा भाग. पुस्तकी समीकरणानुसार ही दारू जळली की पोटॅशियम सल्फाइड, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. रेणुभार मांडले तर २७० ग्रॅम मिश्रणातून ११० ग्रॅम सल्फाइड निघतं, म्हणजे घन पदार्थ ४१ टक्के. पण अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश संशोधकांनी १८७० च्या दशकात बंद पोलादी भांड्यात दारू पेटवून प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा घन भाग ५७ टक्क्यांच्या आसपास निघाला. हा जादा माल आला कुठून? वायू होऊन निसटायला हवा होता त्यातला बराच कार्बन डायऑक्साइड पोटॅशियमने धरून ठेवला आणि पोटॅशियम कार्बोनेट झालं. काही गंधकाने ऑक्सिजन पकडला आणि पोटॅशियम सल्फेट झालं. नेव्हीच्या एका बाराला सुमारे दीड ग्रॅम दारू लागते. सहा बार झाले की पाच ग्रॅमच्या आसपास क्षार तयार होतात. काही पांढऱ्या धुरातून उडून जातात, बाकीचे नळीत आणि सिलिंडरवर बसतात.

कार्बोनेट हा अल्कली. नळीतली काजळी पाण्यात कालवून त्यात तांबडा लिटमस बुडवला तर तो निळा होतो. ॲसिडचा प्रश्न तिथेच मिटला.

कार्बोनेटची खोड वेगळीच आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलसर होते, तसंच हे, फक्त फार लवकर. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. पोटॅशियम क्लोराइडसाठी हा उंबरठा सुमारे ८४ टक्के आहे, सल्फेटसाठी ९७ च्या आसपास. पोटॅशियम कार्बोनेटसाठी फक्त ४३! शिवाय क्षारांचं मिश्रण असेल तर त्यातल्या सगळ्यात कमी उंबरठ्याच्याही खाली ते पाझरू लागतं, कारण एका क्षाराच्या द्रावणात दुसरा विरघळला की पाण्याचा बाष्पदाब आणखी उतरतो. म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली कोरडी दुपार सोडली, तर ही काजळी जवळजवळ कुठेही पोलादावर खारट पाण्याचा पातळ थर धरून बसते. गंज चढायला ओलावा लागतो, आणि विद्युतवाहक क्षार त्याचा वेग वाढवतात. इथे दोन्ही हजर.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, अल्कलीत तर लोखंडावर संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा टिकतो ना? टिकतो. पण क्लोराइड तो जागोजागी भोकसतं आणि तिथे खड्डे पडतात. जुन्या केपांत पारा-फल्मिनेट या स्फोटकासोबत पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून क्लोराइड उरायचं. आजच्या केपांत ते सहसा नसतं, मात्र पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूत पोटॅशियम परक्लोरेट असतं आणि त्याचंही शेवटी क्लोराइडच होतं. सल्फाइड हवेत ऑक्सिडाइज होऊन थायोसल्फेट बनतं, तेही पापुद्र्याला सुखाने राहू देत नाही.

तेलाने भागत नाही ते याचमुळे. क्षार तेलात विरघळत नाहीत. वरून तेल चोपडलं तर ते आतल्या आत झाकले जातात, जात नाहीत. पाण्यात मात्र चटकन जातात. त्यातही सल्फेट चिवट : २० अंशाच्या १०० मिलिलिटर पाण्यात ते ११ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, उकळत्या पाण्यात २४. कढत पाण्याचा दुसरा फायदा म्हणजे तापलेलं पोलाद आपोआप सुकतं. धुताना सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नये, सल्फाइडातून सुटणारा तो हायड्रोजन सल्फाइड. सुकताच तेलाचा हात फिरवावा, नाहीतर मिनिटांत तांबूस झाक येते. साबण मुख्यतः गोळीवरच्या चरबीसाठी. महागड्या ‘खास’ बाटल्या विकणाऱ्यांना हे आवडणार नाही, आणि नळीचं पोलाद तेल पिऊन मुरतं, मग धुवावंच लागत नाही, असं सांगणाऱ्यांना तर नाहीच. पोलाद काही पीत नाही.

खरी कटकट सिलिंडर ज्यावर फिरतो त्या दांड्याची. काजळी तिथे शिरली की सिलिंडर अडकतो. कोल्टने दांडा जाड ठेवून त्यावर ग्रीस धरणाऱ्या खाचा पाडल्या होत्या. रेमिंग्टनचा दांडा बारीक, खाचांशिवाय, त्यामुळे तो लवकर आवळतो. निपल मात्र दोन्हींत पान्याने काढून धुवावे लागतात, आणि परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावावं. दुसऱ्या दिवशी नळीतून पांढरी चिंधी ओढायची. ती तपकिरी आली तर पुन्हा पाणी तापवायला ठेवायचं.