कार्डावर चार तपासण्या, पण बीपी खरंच मोजलं का?

माझ्या मावसबहिणीला वेल्ह्याकडच्या एका वाडीत दिलीये. आठवा महिना लागला तशी ती पुण्याला आईकडे आली, मी सहज तिचं माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं तर चारही तपासण्यांपुढे बीपी १२०/८०, एकाच पेनाने लिहिलेलं. विचारलं तर म्हणाली, "पट्टा एकदाच बांधला गं, बाकी वेळी वजन केलं आणि गोळ्या दिल्या." इथे मोजलं तर १५०/१००! पाय इतके सुजलेले की चप्पल बसेना, पण सासरी सगळे म्हणायचे पहिलटकरणीला सुजतंच.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं तर त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. वारेकडे, म्हणजे प्लासेंटाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुरुवातीलाच पुरेशा रुंद होत नाहीत, तिथून हे सुरू होतं असं मानतात. बाईला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि एकदम झटके येऊ शकतात, म्हणून दर वेळी पट्टा बांधायचा आणि लघवीत पट्टी बुडवून रंग बघायचा, मिनिटभराचं काम आहे हो! वेळेत कळलं तर मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनने झटके टाळता येतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण किमान चार तपासण्या झालेल्या बायका ५८ टक्केच. जागतिक आरोग्य संघटना तर २०१६ पासून आठ वेळा भेटा म्हणतेय. आणि हे आकडे नुसत्या फेऱ्यांचे, प्रत्येक फेरीत नेमकं काय तपासलं ते त्यातून कळत नाही, माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

त्यात तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही आपली रीत, त्यामुळे १२ आठवड्यांच्या आत नोंदणी राहून जाते आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी उशिरा कळतं. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते म्हणून घाबरून बायका त्या सोडतात, खरंतर ते नॉर्मल आहे. फक्त चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

बहिणीला त्याच दिवशी ॲडमिट केलं. तिच्या जावेला आता पाचवा महिना आहे, तिला बहीण दवाखान्यातूनच फोनवर सांगत होती, "बाही वर करून पट्टा बांधायला लाव, आणि सिस्टरना आकडा विचारून घे."