बुटका कोरी ओळखायचा तर शेपटीकडे बघा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत 'पिग्मी कोरी' या एकाच पाटीखाली दक्षिण अमेरिकेतल्या मिशीवाल्या छोट्या माशांच्या (कोरी म्हणजे कोरिडोरस) तीन वेगळ्या जाती खपतात: पिग्मियस, हॅस्टॅटस आणि हॅब्रोसस. तिन्ही जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरच्या. वर 'टाकी साफ करणारा मासा' ही जाहिरात आहेच. हा मासा सफाई कामगार नव्हे. त्याला बारीक प्राणिज खाद्य लागतं, आणि घाण पाण्यात तोच आधी मरतो.

कुळ पटकन कळतं. अंगावर खवले नसतात. प्रत्येक कुशीवर हाडाच्या पट्ट्यांच्या दोनच ओळी असतात, मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या. ओळी जास्त आणि तोंड चिकटणारं असेल, तर तो काचेला चिकटणाऱ्या 'सकर' माशाचा भाऊबंद.

खरी गोम शेपटीच्या बुडाशी आहे. पिग्मियसच्या नाकापासून शेपटीपर्यंत ठळक काळी रेघ जाते. हॅस्टॅटसची रेघ पुसट असते, पण शेपटीच्या बुडाशी भाल्याच्या पात्यासारखा काळा ठिपका आणि त्याला लागून पांढरी चंद्रकोर. लॅटिनमध्ये 'हास्टा' म्हणजे भाला, नाव त्यावरूनच. हॅब्रोससची रेघ तुटक, डागाडागांची. हॅस्टॅटस इतर कोरींसारखा तळाशी चरत बसत नाही, मधल्या पाण्यात थव्यानं पोहतो. त्याच पाण्यात शेपटीवर तसाच ठिपका असलेले टेट्राच्या कुळातले छोटे मासेही असतात. त्या गर्दीत मिसळला की शिकाऱ्याला नेमका एक मासा हेरणं अवघड जातं, असा तर्क आहे.

पिशवीतल्या माशावरून जात ठरवू नका. घाबरला की रंग उडतो आणि रेघ फिकी पडते. सपाट पारदर्शक डब्यात घ्या, पंधरा मिनिटं शांत राहू द्या, मग बरोबर बाजूनं फोटो काढा. जाळी टाळा, कपानं उचला: छातीच्या परांचे काटे ताठ होऊन अडकून बसतात, आणि ओढाताणीत काटा मोडतो. पिल्लं तर फसवतातच. पिग्मियसच्या पिल्लांवर आधी उभे पट्टे असतात, आडवी रेघ नंतर येते.

नावांचा घोळ वेगळाच. हॅस्टॅटसचं वर्णन 1888चं, हॅब्रोससचं 1960चं, पिग्मियसचं 1966चं, तिघंही कोरिडोरस या प्रजातीतले (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट). 2024मध्ये ही प्रजाती फोडली गेली. हॅस्टॅटस आणि पिग्मियस आता गॅस्ट्रोडर्मस, हॅब्रोसस होप्लिसोमा. तेव्हा पाटीवर 'कोरिडोरस पिग्मियस' असो की 'गॅस्ट्रोडर्मस पिग्मियस', मासा तोच.