नाव बदललेली केस आणि रचलेलं उदाहरण

क्लायंट यावेत म्हणून इन्स्टाग्रामवर लिहिणाऱ्या समुपदेशकांच्या पानांवर एक ओळ हमखास दिसते : ‘माझ्याकडे आलेली एक मुलगी (नाव बदलले आहे)…’ पुढे तिचं लग्न, सासू, उडालेली झोप आणि सहाव्या सेशननंतरचं हसू. दुसऱ्या कुणाच्या पानावर सुरुवात अशी : ‘समजा, एका बाईला रोज पहाटे तीनला जाग येते.’ वरवर वाचलं तर दोन्ही सारखंच. पण पहिल्या पोस्टमागे खरं माणूस आहे, दुसऱ्या पोस्टमागे नाही.

नाव बदललं म्हणजे ओळख पुसली, असं होत नाही. व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये ज्या पेशंटची हकिकत छापली ती ‘ॲना ओ.’ म्हणजे बेर्था पापेनहाइम. रोमन आद्याक्षरं बी आणि पी. दोन्ही एकेक घर मागे सरकवली की ए आणि ओ. एवढंच वेषांतर! १९५३ मध्ये फ्रॉइडचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनी नाव उघड केलं, तेव्हा पापेनहाइमना जाऊन सतरा वर्षं झाली होती. जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारणाऱ्या या बाई आजही आधी पेशंट म्हणूनच आठवल्या जातात.

आणि ते व्हिएन्नासारखं मोठं शहर. सांगली-साताऱ्यात ‘बँकेत नोकरी, नवरा दुबईत, जुळी मुलं’ एवढं लिहिलं की अर्ध्या गावाला कळतं. समजा, गावाला नाही कळलं. तिला तर कळतंच. पुढच्या सेशनला ती मोजूनमापून बोलू लागते.

‘पण तिने परवानगी दिली होती!’ दिली असेल. ज्याच्यासमोर रडलो त्याला नाही म्हणणं किती अवघड, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको. उपचार चालू असलेल्या क्लायंटकडून जाहिरातीसाठी अभिप्राय मागू नयेत, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता म्हणते, ते याच अडचणीमुळे. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, आणि डिजिटल माहितीलाही तो लागू करतो.

रचलेलं उदाहरण मात्र उलट्या बाजूने लिहायचं. आधी लक्षण : जे अनेकांत दिसतं ते. माणूस त्याच्याभोवती नंतर उभा करायचा, आणि उदाहरण काल्पनिक आहे हे तिथेच सांगायचं. तीन केसची भेळ करून ‘काल्पनिक’ म्हणणारेही आहेत. त्यात एकीचाच ऐवज जास्त असला तर ती पहिल्याच प्रकारात जाते.

लाइक कदाचित पहिल्या प्रकाराला जास्त मिळतील. गोड शेवट सगळ्यांनाच आवडतो. पण तसं शब्दांत न म्हणताही तो शेवट बरं होण्याची हमी देतो, आणि तशी हमी आपण समोर बसलेल्या माणसालाही देत नाही. पहाटे तीनच्या पोस्टवर एखादी ‘ही तर मीच’ म्हणून थांबते. तिच्यासाठी खाली फी, वेळ, पात्रता आणि फोन नंबर एवढं पुरे.

जुन्या पोस्टमध्ये ‘नाव बदलले आहे’ सापडलं तर ती सरळ काढून टाकावी. नाव आणखी बदलून काय होणार? जिची गोष्ट आहे तिला बाकीचं सगळं पाठ असतं.