पार्श्वभूमी: शेजारच्या दीर्घिकांतील रेणवीय मेघांचे वस्तुमान

तारे ज्या थंड मेघांत जन्मतात, त्यांतील बहुतेक वायू रेणवीय हायड्रोजन असतो आणि नेमका तोच दिसत नाही. त्याची सर्वांत खालची वर्णरेषा (रेणू ठरावीक तरंगलांबीला सोडतो तो प्रकाश) चेतवायला सुमारे ५०० केल्विन लागतात. मेघ मात्र १० ते २० केल्विनवर असतात. १९७० मध्ये मृग नक्षत्राच्या तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा सापडली आणि मोजणी या दुय्यम रेणूकडे गेली. काही वर्षांतच ती रेषा इतर दीर्घिकांतही मिळाली.

खरा वाद आहे तो रूपांतर गुणांकाचा. रेषेची तीव्रता मोजायची आणि तिला एका आकड्याने गुणून वस्तुमान काढायचे, अशी ही रीत आहे. आपल्या आकाशगंगेसाठी तो आकडा, हीलियम धरून, दर चौरस पार्सेकला (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) १ केल्विन-किलोमीटर प्रतिसेकंद तीव्रतेमागे सुमारे ४.३ सौर वस्तुमाने इतका येतो. हाच आकडा सगळीकडे वापरायचा निर्णय सुरुवातीला अपरिहार्य होता. पण तो सोय न राहता गृहीत सत्य होऊन बसला, हे माझ्या मते या विषयाचे सर्वांत मोठे नुकसान. लघु मॅगेलनी मेघात (नावात ‘मेघ’ असला तरी ती दीर्घिकाच आहे) जड मूलद्रव्ये (हीलियमहून जड असलेली सगळी) सूर्याच्या सुमारे एक पंचमांश आहेत. तेथे धूळ कमी असल्याने अतिनील किरणे खोलवर शिरून कार्बन मोनॉक्साइड फोडतात, हायड्रोजन मात्र स्वतःच स्वतःला झाकून टिकून राहतो. परिणामी पुष्कळ वायू मोजणीतून निसटतो. उलट दीर्घिकांच्या गजबजलेल्या केंद्रभागी वायू उष्ण आणि खळबळलेला असल्याने तोच आकडा वस्तुमान फुगवून दाखवतो.

रेषेची रुंदी (तिच्यातून मेघातील वायूच्या हालचालीचा वेग कळतो) आणि मेघाचा आकार यांवरूनही वस्तुमान काढता येते, पण त्यासाठी मेघ स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला आहे असे आधी मानावे लागते, आणि तपासायचे असते तेच.

गेल्या दशकात चिलीतील अटाकामाच्या पठारावरील, ५,००० मीटर उंचीवरच्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या ६६ अँटेनांनी जवळच्या सुमारे ९० दीर्घिका साधारण १०० पार्सेकच्या बारकाव्याने टिपल्या. मेघांची पृष्ठघनता (दर चौरस पार्सेकमागचे वस्तुमान) सर्वत्र सारखी असते हा १९८० च्या दशकातला समज या निरीक्षणांनी मोडला. ती शंभराहून अधिक पटींनी बदलते. आता जड मूलद्रव्यांच्या प्रमाणानुसार बदलता गुणांक वापरतात. तो दुप्पट धरला, तर गतिज ऊर्जेचे गुरुत्व-ऊर्जेशी असलेले गुणोत्तर निम्मे होते आणि काल विखुरणारा ठरलेला मेघ आज बांधलेला ठरतो.