क्रायनम की अमॅरिलिस? आधी पानं बघा, मग पाऊस

दक्षिण आफ्रिकेतल्या या दोन कंदांची नुसती फुलं शेजारी ठेवली, तर जुने बागवानही फसतात. दोन्ही गुलाबी, कर्ण्यासारखी, सुवासिक आणि एकाच कुळातली. पण क्रायनम बल्बिस्पर्मम हे तिथल्या फ्री स्टेट प्रांताकडच्या गवताळ पठारांवरचं, ओढ्या-नद्यांच्या काठचं. अमॅरिलिस बेलाडोना त्याच देशातल्या केप भागाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली. पठारावर पाऊस ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात. केपमध्ये मे ते ऑगस्ट, ऐन थंडीत. सगळा फरक इथूनच सुरू होतो.

म्हणून फुलाकडे बघण्याआधी बुडाशी बघा. क्रायनमचा दांडा करड्या-हिरव्या, पन्हळीसारख्या पानांच्या झुपक्यातून निघतो. फुलं माना खाली घालून असतात आणि पाकळीच्या मधोमध लालसर पट्टा उतरलेला असतो. बेलाडोनाचा दांडा कोरड्या, उघड्या मातीतून एकटाच वर येतो. पानं मागाहून, थंडीतल्या पावसाबरोबर. तिकडे तिला मार्चची लिलीच म्हणतात.

आपल्या नर्सरीत ‘अमॅरिलिस’ म्हणून मिळतं ते बहुधा तिसरंच, दक्षिण अमेरिकेतलं हिप्पिॲस्ट्रम. त्याचा दांडा पोकळ, बेलाडोनाचा भरीव. क्रायनम मात्र आपल्याला परकं नाही. अंगणातला सुदर्शन त्याचाच भाऊबंद.

महाराष्ट्रात लावायचं तर माझं मत सरळ क्रायनमला. आपल्याकडेही पाऊस उबेच्या दिवसांतच येतो आणि थंडी कोरडी जाते. बेलाडोना उबेच्या दिवसांत झोपते आणि नेमका तेव्हाच आपला पावसाळा, मग ओल्या मातीत कंद सडायला वेळ लागत नाही.

क्रायनमला भरपूर ऊन द्या, कंदाची मान मातीच्या पातळीवर ठेवा आणि जागा एकदाच नीट ठरवा. उपटून हलवलेलं त्याला सोसत नाही, फुलं रुसतात. चिकण मातीही चालते. एकदा रुजलं की मोठा कंद आणि जाड मुळं पाण्याची ओढ निभावून नेतात. थंडीत पानं वाळली की पाणी बंदच करा.

बी मात्र पाकिटात जपून ठेवू नका. ते गरदार, खडबडीत खड्यासारखं असतं. खिडकीत नुसतं ठेवलं तरी पाण्यावाचून त्यातून पांढरा कोंब बाहेर पडतो. ताजं असतानाच मातीवर अलगद दाबा, पुरू नका. मूळ आपणहून खाली वळतं.